खुणेचा शब्द

सोमवार, १२ मे
दुकानातून, दुपारी

लाडक्या भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीन वेळा वाचलं, त्यातलं पहिलं चष्म्याशिवाय, म्हणजे ते धरू नकोस. जावईबापू बरे असतील. छोटीचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे, फक्त कान पार गेले. तीस-पस्तीस वर्षं शिलाई मशीनची घरघर ऐकून आता फोनवर समोरचा बोलतोय की भांडतोय तेच कळत नाही. तू अजून पत्रं लिहितेस म्हणून आपलं बरं चाललंय, नाहीतर "हॅलो, ऐकू येतंय का" यातच आपली दोघींची उरलेली वर्षं गेली असती.

शाळा उघडायला चार आठवडे राहिलेत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. निळ्या कापडाचे तागे दारापर्यंत आलेत आणि काजं करणारी बाई नेमकी आत्ताच सुट्टीवर गेली, म्हणजे काजंही माझ्याच गळ्यात. ते असो.

आधी एक निरोप देते, नंतर धीर होणार नाही. तुझ्या आईचं शुक्रवारी, सोळा तारखेला, ऑपरेशन आहे. हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, होईल बरं, पण त्यांनी सही घेतलीच आहे. पत्र खाली ठेवू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, आईचं नाव निघालं की तू उठून भांडी घासायला लागतेस. भांडी राहू देत. हे पत्र शेवटपर्यंत वाच, आणि मग जायचं की नाही ते ठरव.

ती दोन आठवड्यांपूर्वी दुकानात आली होती. निरोप तेव्हाच कळवायला हवा होता. का कळवला नाही ते पुढे येईल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. "आत्या, तू हजारो मुलं पाहिलीस. छोटी पहिल्यांदा शाळेत जाणार. ती नीट राहावी, भित्री होऊ नये, यासाठी काय करू? यादी करून पाठव." अगं, यादी करायला मी काय बाजारात निघालेय? सुचेल तसं लिहिते, तू जुळवून घे.

मागे चेन असलेला फ्रॉक शाळेत घालू नकोस. दिसतो छान, आयांना फार आवडतो. पण चार वर्षांच्या पोरीने बाथरूमला जायचं म्हणून बाईंच्या मागे "माझी चेन काढा" करत फिरायचं? निम्मी मुलं लाजून सांगतच नाहीत, ओल्या कपड्यांत घरी येतात आणि वर बोलणी खातात. पुढे मोठी बटणं लाव. आठ दिवस घरी सराव करून घे, मध्ये हात घालू नकोस, उशीर झाला तर होऊ दे. स्वतःचं बटण स्वतःला काढता-लावता आलं की पोर वर्गात ताठ बसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गळ्याशी नाडी, दोरी, गोंडे काही नको. घसरगुंडीवर अडकतात. दप्तरावर बाहेरून नाव लिहू नकोस, आत लिही. रस्त्यावरच्या कोणीही नाव वाचून हाक मारली तर मुलाला वाटतं, हा आपल्या ओळखीचा. "दोन वर्षं पुरेल असा शिवा" असं शिंप्याला सांगू नकोस, मलासुद्धा नाही. आत दुमड जास्त ठेवता येते, पण बाहेरून अंगाबरोबर हवा. पायात येणारे कपडे घालून मूल धावणार कसं?

सकाळी पोटभर खाल्ल्याशिवाय सोडू नकोस. शाळेत मापं घ्यायला गेले की दर वर्गात एक-दोन पोरं उभ्या उभ्या पांढरी पडतात. विचारलं की, काही खाल्लं नाही, उशीर झाला होता. मग झोपवा लवकर! आई-बाप टीव्ही बघत बसणार आणि पोराने सहाला टुणकन उठायचं, हे कसं जमेल?

आणि एक. तिच्या देखत तिच्या अंगाबद्दल बोलायचं नाही. आया इथे येतात, मी टेप लावली की सुरू, "बघा ना हिचं पोट, बघा ना ह्याच्या काड्या." पोर लगेच श्वास आत ओढून धरतं. माप चुकतं. मी त्या आयांना सरळ दुकानाबाहेर उभं करते. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं.

कोणाला पापा द्यायचा नसेल तर देऊ देऊ नकोस. मलासुद्धा. "आत्याआजीला राग येईल" असलं तर मुळीच म्हणू नकोस.

हे सगळं लिहिताना बरं वाटतंय. आणखी चार पानं लिहीन असं वाटतं. पण तुझ्या पत्रात शेवटी दोन गोष्टी आहेत, त्यांच्यापाशी माझी गाडी अडते.

एक म्हणजे तू लिहिलंस, "खुणेचा शब्द मात्र मी छोटीला शिकवणार नाही. माझ्या आईने शिकवला होता, आणि तिनेच तो दुसऱ्याला देऊन मला घालवून दिलं." आणि दुसरी, त्याच्याच खाली, "शाळेच्या फॉर्मवर मुलीला न्यायला कोण येऊ शकतं ते विचारलं होतं. आम्ही दोघं, आणि तिसरं नाव तुझं लिहिलंय आत्या. जूनपासून तू येऊन राहा, मी कामावर रुजू होते. तुझ्याशिवाय कोणावर माझा विश्वास नाही."

भिंगरी, मी बॅग काढून ठेवली होती. चार साड्या भरूनही ठेवल्या होत्या.

आता जे लिहिते ते तुला आठवतं तसं आधी सांगते, आणि मग मला ठाऊक आहे तसं.

तुला आठवतं ते असं. तू सहा वर्षांची होतीस. आई-बाबा वेगळे राहत होते आणि तू आईजवळ होतीस. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, तीनला सुटायची, आणि तुझी शाळा साडेबाराला. मग कधी शेजारच्या काकू तुला न्यायला यायच्या, कधी प्रयोगशाळेतली कोणीतरी. म्हणून आईने तुला एक शब्द शिकवला होता. जो येऊन कानात तो शब्द सांगेल, त्याला मी पाठवलंय असं समज. शब्द माहीत नसेल तर ओळखीचा असला तरी जायचं नाही, फाटकाच्या आत वॉचमनकाकांजवळ बसायचं. एके दिवशी मी आले. तुझ्या कानात शब्द सांगितला. तू माझं बोट धरलंस. मग आपण बसमध्ये बसलो आणि दादाकडे, म्हणजे तुझ्या बाबांकडे गेलो, आणि त्यानंतर तू आईच्या घरी राहायला परत गेली नाहीस. बाबा दिवसभर कामावर, म्हणून तू मोठी झालीस ती माझ्या घरी, माझ्या मशीनशेजारी.

हे सगळं खरं आहे. तुला एवढंच माहीत आहे, आणि एवढ्यावरून तू जे समजलीस ते तुझ्याजागी कोणीही समजलं असतं. शब्द कोणाला द्यायचा ते फक्त आई ठरवायची. आत्याला तो आला, म्हणजे आईने दिला. म्हणजे आईला मी नको होते.

वहिनीने तो शब्द मला दिला नव्हता. आमच्या घरात कोणालाच दिला नव्हता. तो मी तुझ्याकडून काढून घेतला.

चहा थंड झाला. लिहितेच आता, उठत नाही.

त्या शाळेची मापं घ्यायला मीच जायचे. तिथला वॉचमन मला हसत हसत म्हणाला होता, "तुमची भाची भारी आहे हो, न्यायला आलेल्या बाईला आधी वाकायला लावते, कानात काहीतरी विचारते आणि मगच निघते." तेव्हा मला कळलं की असा काही शब्द आहे. मग पंधरा-वीस दिवसांनी तुझ्या वर्गाची मापं होती. मुलं माप देताना खूप बोलतात, हे तुला मी कितीदा सांगितलंय. हात वर करून उभं राहायचं, हलायचं नाही, मग करणार काय? बोलतात. घरातली भांडणं, कोणी कोणाला मारलं, सगळं. मी कधी कोणाला विचारलं नाही. फक्त तुला विचारलं.

मी तुला म्हटलं, आत्या प्रत्येक पोरीचा एक लपवलेला शब्द फ्रॉकच्या दुमडीत शिवते, मग तो फ्रॉक कधी फाटत नाही. तुझा कुठला शिवू? तू आधी नाही म्हणालीस. "आई म्हणाली कुणाला सांगायचा नाही." शहाणी होतीस गं. शिकवलेलं पक्कं लक्षात होतं. मी म्हटलं, "कुणाला म्हणजे बाहेरच्यांना. मी का बाहेरची?" तू विचार केलास. मग माझ्या कानाला लागून सांगितलास. मी तोंड भरून हसले आणि तुझ्या छातीचं माप वहीत लिहिलं. बावीस इंच.

चार दिवसांनी मी फाटकाशी उभी होते. बसमध्ये तू विचारलंस, "आईनेच पाठवलं ना?" मी म्हटलं, "हो."

पुढे तुझ्या ताब्याची केस कोर्टात गेली. न्यायाधीशबाईंनी तुला आतल्या खोलीत बोलावलं तेव्हा तू माझं बोट सोडेनास, म्हणून त्यांनी मलाही आत बसू दिलं. त्यांनी विचारलं, बाळ, कोणाजवळ राहायचंय? तू म्हणालीस, "बाबांजवळ. आईने मला पाठवून दिलं, तिने आत्याला शब्द सांगितला." त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, खरं का हे? मी मान हलवली. बोललेसुद्धा नाही, नुसती मान हलवली. वहिनी बाहेर बाकावर बसली होती. तिला दर रविवारी दोन तास मिळाले, आणि ती आली की तू मशीनखाली जाऊन बसायचीस. ती घसा फोडून सांगायची, मी नाही गं दिला शब्द. तू कानावर हात ठेवायचीस. मी समोर काजं करत असायचे. वर्षभर ती येत राहिली, मग म्हणाली, "पोरीला माझा त्रास होतो," आणि येणं कमी केलं.

तुला वाटेल हे तुझ्या बाबांनी करवून घेतलं. चार वर्षं झाली त्याला जाऊन, त्याच्यावर ढकलणं सोपं आहे, आणि मी मनातल्या मनात तेच करत आले. पण दादाला असा शब्द आहे हे माहीतसुद्धा नव्हतं. तो नुसता चिडचिड करायचा, पोर मला भेटायला हवी, पोर माझीपण आहे. "मी आणते तिला," हे मी म्हटलं. त्याला दोन दिवस झाल्यावर भीती वाटायला लागली, म्हणाला, नेऊन सोडू या. तेव्हाही मीच म्हटलं, आता कशाला, रुळलीय ती.

मला तू हवी होतीस. खरं कारण एवढंच. मला सदतीसावं लागलं होतं, लग्न जमलं नव्हतं, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना टेप लावायची आणि संध्याकाळी कुलूप लावून रिकाम्या घरी जायचं. तू आलीस आणि माझ्या घरात कोणीतरी "आत्या, भूक" म्हणायला लागलं. मी सुखात होते गं. वहिनी तिकडे झिजत होती आणि मी सुखात होते. तुझी शाळा, तुझं लग्न, छोटी झाली तेव्हा पहिल्यांदा मीच हातात घेतली. ते सगळं तिचं होतं.

त्या दिवशी ती दुकानात आली ती गर्दीत रांगेत उभी राहिली. मी ओळखलंच नाही आधी, इतकी वाळलीय. नंबर आल्यावर म्हणाली, "ताई, माझं ऑपरेशन ठरलंय. तिला कळवाल? ये म्हणू नका, फक्त कळवा." मग विचारलं, "नात किती उंच झाली?" मी हात धरून दाखवला एवढी. तिने त्या हाताकडे पाहिलं. जाताना दारातून वळली आणि म्हणाली, "तेव्हा शब्द कोणी सांगितला हो? एवढंच सांगा. मी कुणावर चिडणार नाही आता." मी काय म्हणाले माहीत आहे? "दादा गेला वहिनी, आता कशाला उकरायचं." ती "बरं" म्हणाली आणि गेली.

म्हणून निरोप कळवला नाही. तू गेलीस तर तिथे बोलणं निघेल, आणि निघालं तर मी उघडी पडेन. पंधरा दिवस मी रोज उद्या लिहू म्हणत काढले. मग तुझं पत्र आलं, फॉर्मवर नाव लिहिल्याचं.

आज इथेच थांबते. पाच वाजलेत, एक शाळा कपडे न्यायला आलीय. उद्या पुरं करते. फाडणार नाही.

मंगळवार, १३ मे
संध्याकाळी, घरून

सकाळी दुकान उघडलं नाही. आज वहिनीला दवाखान्यात दाखल केलं, तपासण्यांसाठी. भेटायची वेळ अकराची होती, तिथे गेले. तुझ्या आधी तिला सांगायला हवं होतं. चोवीस वर्षं ती विचारत होती.

तिच्या खोलीत दुसरी बाई होती, तिचा नातेवाईक वर्तमानपत्र वाचत होता. मी स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. निदान हळू आहे असं मला वाटलं. कान गेल्यामुळे आवाजाचा अंदाज येत नाही, तो माणूस वर्तमानपत्र खाली करून बघत होता म्हणजे त्यालाही ऐकू गेलं असणार. जाऊ दे. टेप, फ्रॉक, दुमड, बस, न्यायाधीशबाई, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. थोबाडीत मारेल. मारायला हवी होती.

सुई लावलेला हात पोटावर होता, तो तिने उचलून बाजूला ठेवला. मग विचारलं, "तिला कळवलंत हे?"

म्हटलं, "पत्र लिहितेय. बरंचसं झालंय."

"त्यात हे लिहिलंत का, की तिने तुम्हांला शब्द सांगितला यात तिची काही चूक नव्हती?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग आधी ते लिहा. ती वाचेल आणि तिला वाटेल, मीच सांगून बसले, माझ्यामुळे झालं सगळं. तशीच आहे ती, लहानपणी पेला फुटला तरी आधी स्वतःकडे बोट दाखवायची. सहा वर्षांची होती ताई. आत्याने विचारलं तर मूल सांगणारच. लिहा आधी."

मी "वहिनी, मला..." म्हणाले.

"तुमचं नंतर बघू," ती म्हणाली. "आता जा. मला दम लागतोय."

मी उठले. तिने माझ्याकडे परत पाहिलं नाही.

म्हणून लिहिते. भिंगरी, तुझी काही चूक नव्हती. तू शिकवल्याप्रमाणे वागलीस. एकदा नाही म्हणालीस, आणि मग ज्या माणसावर विश्वास ठेवायचा असतो त्या माणसावर ठेवलास. हे तुझ्या आईचं म्हणणं आहे. मी तुला न्हाऊ-माखू घालून वाढवलं, आणि काल दुपारभर पानंच्या पानं माझं पाप लिहीत बसले, पण हे मला सुचलं नाही. मला माझंच सुचत होतं. तिला सगळ्यात आधी तुझं सुचलं.

छोटीला शब्द शिकव. तुझ्या आईने शिकवलं ते बरोबरच होतं. फक्त एक जास्त सांग, घरातल्या कोणी गोड बोलून विचारला तरी द्यायचा नाही, आणि चुकून दिलाच तर आईला येऊन सांगायचं, आई रागावणार नाही. फॉर्मवरचं माझं नाव खोड. मी बॅग रिकामी केलीय.

हे पत्र उद्या सकाळच्या कुरिअरने निघेल, दुपारी तुझ्या हातात पडेल. दवाखान्याचा पत्ता मागच्या पानावर लिहिलाय, दुसरा मजला, जिन्यापासून तिसरी खोली, खिडकीकडचा पलंग. तुला तिकडे मी दिसणार नाही, ती काळजी करू नकोस. शुक्रवारी सकाळी आठला तिला आत नेणार आहेत. त्याआधी पोच.

तुझी (हा शब्द खोडावासा वाटला तर खोड),
आत्या